नव्या फ्लॅटमध्ये म्युझिक सर्व्हर दिसत नाही? आधी त्याचा पत्ता तपासा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जसा समजला तसा तो आधी मांडतो, म्हणजे माझं कुठे चुकत असेल तर इथेच लक्षात येईल. नौपाड्याच्या जुन्या घरात रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर (पुढे नुसतं ‘पाय’) तुमचा म्युझिक सर्व्हर तीन वर्षं बिनतक्रार चालला. त्याला दोन टीबीची यूएसबी हार्ड डिस्क, आणि त्या डिस्कवर वडिलांनी आयुष्यभर जमवलेलं संगीत: नाट्यपदं, अभंग, आकाशवाणीवरून कॅसेटवर टेप केलेल्या मैफली, सगळं तुम्ही स्वतः रात्री-रात्री बसून संगणकावर उतरवलेलं. गेल्या महिन्यात तुम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या एका टॉवरमध्ये राहायला गेलात. तिथे फायबरचा डबा दाराजवळच्या कपाटात बसवला आहे. त्याचं वायफाय बेडरूमपर्यंत पोचेना, म्हणून तुम्ही स्वतःचा राउटर घेऊन हॉलमध्ये ठेवलात आणि डब्यापासून केबल आणून त्याला जोडलीत. सर्व्हर या हॉलमधल्या राउटरला केबलने जोडला की पोर्टचा दिवा लुकलुकतो, पण राउटरच्या यादीत सर्व्हर येत नाही आणि फोनवरूनही उघडत नाही. वायफायवर टाकला तर पाच-दहा मिनिटं दिसतो आणि गायब होतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर इंटरनेट मात्र व्यवस्थित आहे. राउटर चार वेळा रीसेट करून झाला, इंटरनेटवाले ‘आमची लाइन ओके आहे’ म्हणतात. आता तुम्ही विचारताय की पाय गेला का, त्यातलं मेमरी कार्ड फॉरमॅट करून सगळं नव्याने टाकू का, की मेश, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारे एकमेकांशी जोडलेले डबे, घेऊ.

मी ठाणे आणि नवी मुंबईत घरांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं लावायचं काम २००६पासून करतोय. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा: पाय गेलेला नाही, मेशची सध्या गरज नाही, आणि कार्ड तर अजिबात फॉरमॅट करू नका. गाणी डिस्कवर असली तरी लायब्ररीची मांडणी, वडिलांनी केलेल्या प्लेलिस्ट, कोणतं काय किती वेळा वाजलं याची नोंद हे बहुधा कार्डावर असतं. फॉरमॅट केलंत तर ते जाईल. उलट आजच ते कार्ड काढून लॅपटॉपवर त्याची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेऊन ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पुढे काहीही करताना हात थरथरणार नाहीत.

आता मूळ मुद्दा. ‘सर्व्हर नेटवर्कला कनेक्ट होत नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. पहिला, यंत्र नेटवर्कला जोडलंच जात नाही: केबल तुटकी, पोर्ट बंद, वायफायचा पासवर्ड चुकीचा. दुसरा, यंत्र जोडलं गेलंय पण त्याच्याजवळचा पत्ता या नेटवर्कचा नाही. तिसरा, यंत्र नीट जोडलंय, पत्ताही बरोबर आहे, पण फोन किंवा प्लेअर दुसऱ्याच नेटवर्कवर आहे, म्हणून दोघांची गाठ पडत नाही. तिन्हीत स्क्रीनवर दिसतं ते एकच: ‘सर्व्हर सापडला नाही.’ उपाय मात्र पूर्ण वेगळे. पहिल्या बिघाडाचा उपाय दुसऱ्याला लावून काही होत नाही. तुम्ही चार वेळा रीसेट करूनही फरक पडला नाही, त्याचं कारण हेच असावं.

तुमच्याकडे केबल लावल्यावर दिवा लुकलुकतो. म्हणजे केबल, पोर्ट आणि पायची नेटवर्क चिप जिवंत आहेत. पहिला बिघाड निदान केबलच्या बाबतीत निकालात निघाला. मग यादीत नाव का नाही? इथे राउटरमधली ती यादी कशी तयार होते हे माहीत असलेलं बरं. नवं यंत्र नेटवर्कवर आलं की ते ओरडून विचारतं, ‘मला कुणी पत्ता देतं का?’ राउटर एक पत्ता देऊ करतो, यंत्र ‘हाच चालेल’ म्हणतं, राउटर ‘दिला’ म्हणून वहीत लिहितो. या देवघेवीला डीएचसीपी म्हणतात. बहुतेक घरगुती राउटरमध्ये जी यादी दिसते ती म्हणजे ही वही. ज्याने पत्ता मागितलाच नाही त्याचं नाव वहीत येत नाही, मग तो केबलने जोडलेला का असेना.

आणि सर्व्हर पत्ता कधी मागत नाही? त्याला कुणीतरी आधीच कायमचा पत्ता लिहून दिलेला असेल तेव्हा.

मला जवळजवळ खात्री आहे की तीन वर्षांपूर्वी सर्व्हर लावताना तुम्ही त्याला स्थिर आयपी पत्ता दिला होता. समजा १९२.१६८.१.५०. तेव्हा ते योग्यच होतं, सर्व्हरचा पत्ता रोज बदलू नये म्हणून सगळेच तसं सुचवतात. पण तो पत्ता नौपाड्याच्या राउटरच्या हिशेबाने होता. घरगुती पत्त्याचे पहिले तीन आकडे (इथे १९२, १६८ आणि १) म्हणजे विंग समजा आणि शेवटचा आकडा (५०) म्हणजे फ्लॅट नंबर. तुमचा नवा राउटर १९२.१६८.०.१ असेल, तर घरातले सगळे फोन ‘शून्य’ विंगमध्ये राहतात आणि सर्व्हर मात्र स्वतःला ‘एक’ विंगचा रहिवासी समजतो. एकाच वायरीवर आहेत, एकमेकांपासून चार फुटांवर आहेत, पण दुसऱ्या विंगमधल्याशी बोलायचं तर दोघेही आपापल्या वॉचमनकडे, म्हणजे राउटरकडे, निरोप देतात, आणि सर्व्हरच्या आठवणीतला वॉचमन नौपाड्यात राहिला. सर्व्हरला स्वतःला काही बिघडलंय असं वाटतच नाही, म्हणून तो कसली तक्रारही दाखवत नाही.

आधी हे तपासून बघा, अंदाजावर सोडू नका. जुन्या घरात ब्राउझरमध्ये सर्व्हर उघडायला काय टाकायचात ते आठवा, किंवा बुकमार्क बघा, फोनमधल्या ॲपची सेटिंग बघा. तिथे चार आकड्यांचा पत्ता आणि पुढे ९००० असं काहीसं दिसेल. तुमचा सर्व्हर लिरियन आहे, म्हणजे २०२४मध्ये नाव बदलण्यापूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर. त्याचं वेब पान ९००० या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे पत्त्यापुढचा दाराचा क्रमांक, केबलचं भोक नव्हे) असतं, आणि प्लेअर त्याच्याशी ३४८३ वर बोलतात. दुसरा एखादा सर्व्हर, समजा नॅव्हिड्रोम, असता तर ४५३३ दिसलं असतं, जेलीफिन असता तर ८०९६. मग स्वतःच्या फोनमध्ये वायफायच्या नावावर दाबून फोनचा पत्ता बघा. दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे वेगळे निघाले, तर चोर सापडला.

बुकमार्क नसेल तर पायला टीव्ही जोडा. पाय ४ ला मायक्रो एचडीएमआय लागते, साधी केबल बसणार नाही, छोटा कन्व्हर्टर मिळतो. सुरू झाल्यावर बऱ्याचदा लॉगिनच्या ओळीच्या वरच पत्ता छापलेला दिसतो. तिथे १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता असेल किंवा पत्ताच नसेल, तर गोष्ट वेगळी: म्हणजे सर्व्हरने पत्ता मागितला पण कुणी दिला नाही. १६९.२५४ हा यंत्राने नाइलाजाने स्वतःच स्वतःला दिलेला पत्ता असतो. तसं दिसलं तर केबल बदला, राउटरचा दुसरा पोर्ट बघा, आणि केबल चुकून राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं इंटरनेट येतं त्या भोकात, तर नाही ना ते बघा. घाईत घर लावताना हे फार घडतं.

जुना पत्ता कळला की सर्व्हरच्या आत शिरायची माझी नेहमीची पद्धत सांगतो. यात राउटर लागतच नाही. लॅपटॉप आणि पाय यांना एका साध्या लॅन केबलने थेट जोडा. पूर्वी यासाठी आतल्या तारांची अदलाबदल केलेली क्रॉस केबल बनवावी लागायची, आता दोन्हीकडची चिप स्वतःच जुळवून घेते. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. सर्व्हरचा जुना पत्ता १९२.१६८.१.५० धरून लॅपटॉपच्या लॅनला हाताने पत्ता द्या: १९२.१६८.१.२०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवेची, म्हणजे वॉचमनच्या पत्त्याची, जागा रिकामी. म्हणजे लॅपटॉप सर्व्हरच्या विंगमध्ये राहायला गेला. आता ब्राउझरमध्ये सर्व्हरचा जुना पत्ता आणि ९००० टाका. नव्वद टक्के वेळा तुमची लायब्ररी जशीच्या तशी समोर उभी राहते. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, त्यासाठी यूएसबीचा अडॅप्टर लागेल. तोही नसेल तर नुसत्या टीव्ही आणि कीबोर्डवरही पुढचं काम होतं.

आत गेल्यावर तो स्थिर पत्ता काढून टाका आणि ‘आपोआप’ म्हणजे डीएचसीपी करा. कुठे काढायचा हे तुम्ही कोणती सिस्टिम टाकली होती त्यावर आहे. पिकोअरप्लेअर, म्हणजे पायवर संगीतासाठीच बनवलेली सिस्टिम, असेल तर त्याच्या वेब पानावरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये. साधी रास्पबेरी पाय ओएस असेल आणि ती २०२३च्या ऑक्टोबरच्या आधीची असेल, तर पत्त्याचं काम बघणाऱ्या डीएचसीपीसीडी या प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलमध्ये तळाशी तुम्ही लिहिलेल्या ओळी सापडतील. त्यानंतरच्या, म्हणजे बुकवर्मपासूनच्या आवृत्त्यांत हे सगळं नेटवर्कमॅनेजर या दुसऱ्या प्रोग्रामकडे गेलं. इंटरनेटवरच्या जुन्या सूचना बुकवर्मला लागू पडत नाहीत. वायफायचं नाव-पासवर्ड असलेली फाइल कार्डाच्या बूट भागात टाकून देण्याची जुनी युक्तीही तिथे चालत नाही. यात अनेकांची आख्खी रविवारची सकाळ जाते.

मग पत्ता कायम राहावा यासाठी काय? तो राउटरकडून कायम करून घ्या, सर्व्हरमध्ये लिहू नका. राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. सर्व्हरच्या मॅक पत्त्यापुढे, म्हणजे त्याच्या नेटवर्क चिपच्या स्वतःच्या ओळख क्रमांकापुढे, हवा तो आयपी लिहून ठेवायचा. परिणाम तोच, पण उद्या पुन्हा घर बदललंत, राउटर बदललात, तरी सर्व्हर मुकाट्याने नव्या राउटरला पत्ता विचारेल. सर्व्हरमध्येच पत्ता कोरून ठेवण्याचा सल्ला मीही पूर्वी ग्राहकांना द्यायचो. दर घरबदलीनंतर त्यांचे असेच फोन यायला लागले तेव्हा सोडला.

इथपर्यंत अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं तुमच्या दोन राउटरांत आहे, आणि टॉवरमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

फायबरचा डबा हा नुसता मोडेम नसतो, तोही पूर्ण राउटर असतो: पत्ते वाटतो, वायफाय देतो. तुम्ही हॉलमधला राउटर त्याला वॅन पोर्टातून जोडलात, म्हणजे एका घरात दोन नेटवर्कं तयार झाली. डब्याचं बाहेरचं, हॉलच्या राउटरचं आतलं. इंटरनेट दोन्हीवर चालतं, त्यामुळे कुणालाच शंका येत नाही. पण वडिलांचा फोन दाराजवळच्या खोलीत डब्याच्या वायफायवर असेल आणि सर्व्हर हॉलच्या राउटरमागे, तर बाहेरच्याला आत शिरता येत नाही. हॉलच्या राउटरची फायरवॉल त्याला दारातच थांबवते. उलट केलंत, सर्व्हर डब्याला आणि फोन आतल्या वायफायवर, तर गंमतीशीर अर्धवट स्थिती होते: पत्ता टाकून वेब पान उघडतं, पण ॲपमध्ये सर्व्हर आपोआप सापडत नाही. कारण शोधायची हाक ही त्या नेटवर्कपुरती घुमते, राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही. आणि दोन्ही राउटरांची विंग एकच असेल, समजा दोन्ही १९२.१६८.१, तर पत्ता टाकूनही सर्व्हर मिळत नाही. चांगले राउटर असा संघर्ष दिसला की स्वतःची विंग बदलून घेतात, पण सगळे नाही.

नेरुळला एका निवृत्त शिक्षकांच्या घरी याचंच एक रूप बघितलं होतं. दिवसा गाणी लागायची, रात्री नाही. त्यांनी सर्व्हर, स्पीकर, सगळं बदलून पाहिलं होतं. कारण एवढंच की दिवसा ते हॉलमध्ये असायचे आणि फोन आतल्या राउटरवर, रात्री झोपायच्या खोलीत फोन डब्याचं वायफाय पकडायचा. वायफायची दोन्ही नावं त्यांनीच एकसारखी ठेवली होती, त्यामुळे फोनवर फरकच दिसत नव्हता. मी तिथे सर्व्हरला हातही लावला नाही. राउटर ॲक्सेस पॉइंट केला, म्हणजे त्याला वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय द्यायला लावलं, आणि वीस मिनिटांत निघालो.

तुम्हीही तेच करावं असं माझं मत. हॉलच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा. मग तो पत्ते वाटायचं थांबवतो आणि नुसतं वायफाय आणि जास्तीचे पोर्ट देतो. घर एकाच नेटवर्कवर येतं. हा मोड नसेल तर राउटरला स्वतःला डब्याच्या विंगमधला एक मोकळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि डब्याकडून येणारी केबल वॅनमधून काढून लॅनच्या भोकात लावा. क्रम हाच ठेवा. बदल झाल्यावर राउटरचं सेटिंगचं पान जुन्या पत्त्यावर उघडणार नाही, घाबरू नका, तो नव्या पत्त्यावर गेलेला असतो. योगायोगाने डबा १९२.१६८.१चा निघाला तर तुमचा सर्व्हर काही न करताही जागा होईल! तरीही स्थिर पत्ता काढाच, नाहीतर एखाद्या दिवशी डबा तोच ५० नंबर पाहुण्याच्या फोनला देईल आणि दोघेही अडतील.

काही इंटरनेट कंपन्या डब्याचा पासवर्ड देत नाहीत किंवा रिझर्व्हेशनची सोय बंद ठेवतात. तसं असेल तर दुसरा मार्ग: डब्याचं वायफाय बंद करून घ्या आणि घरातलं सगळं, अगदी टीव्हीसुद्धा, हॉलच्या राउटरमागे आणा. दोन राउटर एकामागे एक राहतात, पण घरातल्या घरात गाणी ऐकायला त्याने काही अडत नाही. अडचण येईल ती बाहेरून, म्हणजे ऑफिसात बसून घरचं संगीत ऐकायचं असेल तेव्हा. तो वेगळा विषय आहे, आणि हल्ली बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे तिथे पोर्ट उघडून भागत नाही.

आता वायफायवर येऊन गायब होण्याचं. यात पत्त्याचा दोष नाही, कारण पाच मिनिटं तरी तो दिसतो. माझा संशय तुमच्या हार्ड डिस्कवर आहे.

आश्चर्य वाटेल, पण यूएसबी ३ची डिस्क चालू असताना तिच्यातून आणि तिच्या केबलमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायच्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२मध्ये यावर सविस्तर तांत्रिक टिपण काढलं होतं. पायची वायफायची अँटेना बोर्डावरच, यूएसबी पोर्टांपासून काही सेंटिमीटरवर असते. डिस्क त्याच्यावर किंवा शेजारी ठेवलेली. सर्व्हर सुरू झाला की दिसतो, लायब्ररी तपासायला डिस्क फिरायला लागली की वायफाय गुदमरतं. खारघरला एका घरी मी अडीच तास राउटरचे चॅनेल बदलत होतो. शेवटी डिस्क काढली आणि सिग्नल परत आला, तेव्हा लक्षात आलं. त्या दिवसापासून डिस्क सगळ्यात आधी तपासतो.

करून बघायला सोपं आहे. पाय ४ वर दोन यूएसबी पोर्ट निळे आणि दोन काळे असतात. डिस्क काळ्या पोर्टात लावा, तो यूएसबी २ आहे. वेग कमी होईल याची काळजी नको. सीडीच्या दर्जाचं संगीत पूर्ण, न आवळता पाठवलं तरी सेकंदाला १.४ मेगाबिट लागतात, आणि २४ बिट ९६ किलोहर्ट्झचं असलं तरी ४.६. काळ्या पोर्टाची क्षमता ४८० मेगाबिट आहे. डिस्क हातभर लांबच्या केबलवर, पायपासून दूर ठेवा. आणि सर्व्हरला ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका, पाय ४ ला ते जमतं. त्यासाठी पायमध्ये देश ‘भारत’ निवडलेला असायला हवा. तो निवडला नसेल तर पायचं वायफाय बंद राहू शकतं. राउटरवर सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ ठेवली असेल तर ती डब्ल्यूपीए२ करा.

भिंतींचाही भाग आहे. नौपाड्याच्या जुन्या इमारतीत विटांच्या भिंती होत्या. घोडबंदरच्या नव्या टॉवरांपैकी बरेच मिवान पद्धतीचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेले, आतल्या भिंतीसुद्धा सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. तुमचा तसा असेल तर ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीपलीकडे कसंबसं जातं. भिंतीत खिळा ठोकून बघा, न ठोकला गेला तर मिवान समजा! म्हणून अशा घरात मेशचे दोन-तीन डबे नुसते हवेतून जोडून माझं समाधान होत नाही. बिल्डरने दाराच्या कपाटापासून खोल्यांत लॅनच्या वायरी टाकल्या असतील तर त्या आधी वापरात आणा. बऱ्याचदा भिंतीतली वायर असते, पण टोकाला कनेक्टरच क्रिम्प केलेला नसतो.

तुमच्या बाबतीत माझा आग्रह साधा आहे: फोन हिंडतात, त्यांना वायफाय. सर्व्हर एका जागी बसतो, त्याला केबल. केबल लावलीत की सर्व्हरचं वायफाय बंदच करा. दोन्ही एकदम चालू ठेवले तर सर्व्हर बाहेरच्या कामासाठी सहसा केबलचा रस्ता धरतो, आणि तुमच्याकडे सध्या तोच रस्ता चुकीच्या पत्त्याचा आहे. तपासणी करतानाही एका वेळी एकच चालू हवं, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: पायचा मूळ अडॅप्टर सामानात सापडला का? घर हलवल्यावर मोबाइलचा कुठलातरी चार्जर लागतो आणि मग डिस्क मधूनच बंद पडते, नेटवर्क जातं, सगळं भुताटकीसारखं वाटतं. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ ॲम्पिअर लागतात. त्यावरचा लाल दिवा सतत पेटलेला हवा. तो मिणमिणला किंवा मधूनच विझला तर वीज कमी पडतेय. तसं असेल तर आधी अडॅप्टर बदला, आणि डिस्कला स्वतंत्र वीज असलेला हब द्या.

तुमचं घर स्वतःचं आणि लाइन तुमच्या नावावर आहे असं धरून मी हे सगळं लिहिलं. ऐरोली-घणसोलीकडे पीजीत किंवा सामायिक वायफायवर राहणाऱ्यांना यातलं बरंच लागू नाही. तिथे एका यंत्राने दुसऱ्याला पाहू नये असं मुद्दाम ठेवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. अशांनी स्वतःचा छोटा राउटर लावून त्याच्यामागे आपलं खासगी नेटवर्क करावं. घरातल्या राउटरचं ‘गेस्ट’ वायफायही असंच वागतं, तुमचा एखादा फोन त्यावर नाही ना हे बघा. आणि वाशी-नेरुळच्या जुन्या सोसायट्यांत गच्चीवरच्या स्विचमधून थेट लॅन केबल घरात येते, तिथे ती केबल सर्व्हरला लावून चालत नाही. त्या लाइनला बऱ्याचदा यूजरनेम-पासवर्ड लागतो, काही ठिकाणी ती एकाच यंत्राच्या मॅक पत्त्याला बांधलेली असते. मध्ये राउटर हवाच.

मी तुमच्या घरी आलो असतो तर या क्रमाने गेलो असतो: कार्डाची इमेज, अडॅप्टर आणि लाल दिवा, सर्व्हरचा जुना पत्ता आणि फोनचा पत्ता शेजारी-शेजारी कागदावर, लॅपटॉप थेट जोडून सर्व्हर ‘आपोआप’ पत्त्यावर, मग हॉलचा राउटर ॲक्सेस पॉइंट, सर्व्हर त्याला केबलने, डब्यात रिझर्व्हेशन, आणि शेवटी डिस्क काळ्या पोर्टात. दोन तास धरा.

सगळं लागल्यावर एकदा मुद्दाम घराचा मेन स्विच बंद करून चालू करा. लाइट जाऊन आली की पाय अर्ध्या-एक मिनिटात उठतो, फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर सर्व्हर पत्ता मागून थकतो आणि काही वेळा पुन्हा मागतच नाही. तुमच्या टॉवरला जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंतचे काही सेकंद पुरेसे असतात, आणि असे झटके कार्डालाही मारक. राउटरांसाठी मिळतो तसा मिनी यूपीएस डबा आणि राउटर दोघांना लावा, व्होल्टेज त्यांच्या अडॅप्टरवरचं बघून. पायसाठी ५ व्होल्टचा वेगळा लागेल, १२ व्होल्टची पिन त्याला जोडायची नाही. चाचणीपूर्वी सर्व्हर मात्र त्याच्या पानावरून रीतसर शटडाउन करा आणि डिस्कचा दिवा विझल्यावरच स्विच दाबा.

एवढं करूनही दिसला नाही तर मला चार गोष्टी लिहून पाठवा: टीव्हीवर दिसलेला सर्व्हरचा पत्ता, फोनचा पत्ता दोन्ही वायफायवर जोडून वेगवेगळा, फायबरच्या डब्याचा स्वतःचा पत्ता, आणि लाल दिव्याची अवस्था. फोटो टाकलेत तरी चालेल, फक्त राउटरखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड झाकून टाका.